मदत हवी आहे: फॉकलंडच्या एका दिवसात कुठले पेंग्विन बघावेत? (आईची पाठ, बाबांची दुर्बीण)

मंडळी, नमस्कार.

येत्या जानेवारीत आम्ही चौघं (मी, बायको, आई, बाबा) ब्वेनोस आयरेसहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्नला वळसा घालून चिलीत उतरणाऱ्या क्रूझवर आहोत. तिकिटं झाली, व्हिसाची धावपळ चालू आहे, तो या धाग्याचा विषय नाही. अडलंय ते पेंग्विनांपाशी.

बाबा निवृत्त झाल्यापासून थंडीच्या दिवसांत नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पडीक असतात. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी एकदा दुर्बीण लावली की नाश्त्याचीही शुद्ध नसते. एवढे पैसे खर्चून बोटीत बसायला ते राजीच नव्हते, पेंग्विन म्हटल्यावर तयार झाले. आईचं उलट. तिचा मणक्याचा त्रास जुना आहे, गाडीला दणके बसले की रात्रभर झोप नाही. मागच्या हिवाळ्यात बाबांच्या हट्टाखातर नांदूरला आली, तर परतताना मागच्या सीटवर आडवी पडून नाशिक गाठलं.

जहाज पोर्तो माद्रिन, स्टॅनली (फॉकलंड), उशुआया आणि पुंता आरेनास इथे थांबणार आहे. पेंग्विन चारही ठिकाणी आहेत. जहाजाच्या सहलींचे दर बघून डोळे पांढरे झाले, त्यामुळे मोठी सहल एकच घ्यायची असं घरात ठरलंय. स्टॅनलीला तीन पर्याय दिसतात: व्हॉलंटिअर पॉइंट, ब्लफ कोव्ह आणि जिप्सी कोव्ह. बाबांचं मन व्हॉलंटिअर पॉइंटवर बसलंय, कारण किंग पेंग्विन. मला आईची काळजी वाटते. आई म्हणते, "तुम्ही जा, मी जहाजावर वाचत बसते." ते मला पटत नाही.

कुणी प्रत्यक्ष जाऊन आलंय का? जहाजाची सहल घ्यावी की स्थानिक माणसाची जीप परस्पर ठरवावी?

---

खडीसाखर

राणीच्या बागेत जा हो. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून भायखळा. संध्याकाळी घरी. आईंची पाठही खूश.

---

तिखटमीठ

खडीसाखर, तिथले हम्बोल्ट पेंग्विन, २०१६ मध्ये कोरियाहून आणलेले. काचेआडच्या वातानुकूलित खोलीतल्या पक्ष्यांसाठी नांदूरचा माणूस दुर्बीण पुसत बसेल का?

धागाकर्ते, उत्तर सविस्तर द्यावं लागेल. रात्री लिहितो.

---

रानवाटा

आम्ही हाच मार्ग केलाय, म्हणून सांगतो. कुठला पेंग्विन भारी हे नंतर बघा. आधी बघा की कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठे लागत नाही.

पोर्तो माद्रिन आणि उशुआयाला मोठी जहाजं धक्क्याला लागतात, जिना उतरला की जमीन. स्टॅनलीला तसं नाही. मोठं जहाज बाहेर पोर्ट विल्यमच्या पाण्यात नांगर टाकतं आणि तिथून लहान बोटींनी गावातल्या जेटीवर नेतात. वारा वाढला की या बोटी बंद. फॉकलंडचा वारा कुणाला विचारून वाढत नाही. कित्येक जहाजं स्टॅनली नुसतं लांबून दाखवून पुढे जातात. म्हणून पेंग्विनांची सगळी भिस्त स्टॅनलीवर ठेवू नका. पुंता आरेनासलाही बऱ्याचदा नांगरच टाकतात, शिवाय तिथला माग्दालेना बेट हा पर्याय पुन्हा बोटीचाच. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत वारा सुटला की तीही सहल रद्द.

आता व्हॉलंटिअर पॉइंट. फॉकलंडमधली किंग पेंग्विनांची सगळ्यात मोठी वसाहत तिथे आहे, खाजगी शेताच्या हद्दीत. स्टॅनलीहून जायला साधारण अडीच तास, यायला अडीच. पहिला टप्पा खडीच्या रस्त्याचा, तो ठीक. पुढे रस्ता नावाची गोष्टच नाही. ओलं, मऊ पीटचं (कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदली मातीचं) माळरान, त्यात जुन्या चाकोऱ्या, आणि जीप त्या चाकोऱ्या चुकवत एका अंगावर कलून चालते. डोकं छताला लागतं. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने तिथे जाऊ नये, यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

वडिलांना मात्र जरूर पाठवा. जानेवारीत काही किंग पेंग्विन पायांवर अंडं घेऊन उभे असतात, वर पोटाच्या कातडीची घडी पांघरलेली. हे अंडं जवळजवळ आठ आठवडे उबवायचं असतं, नर-मादी आळीपाळीने. पिल्लू मोठं व्हायला वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे त्याच गर्दीत मागच्या मोसमाची तपकिरी लोकरीतली पिल्लंही दिसतात. आकाराने आईबापाएवढी, अंगावर गोधडी गुंडाळल्यासारखी. अंडं आणि गेल्या वर्षीचं पिल्लू एकाच ठिकाणी, हे पक्षी बघणाऱ्याला सांगून बघा.

एक व्यावहारिक गोष्ट, वडीलधाऱ्यांसाठी. फॉकलंडमध्ये मूळची झाडं नाहीत. अडीच तासांच्या त्या वाटेवर आडोसा म्हणून एक झुडूपही धड मिळणार नाही. सकाळचा दुसरा चहा घेऊ देऊ नका.

---

धागाकर्ता

रानवाटा, दंडवत. चहाचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, ते गप्प झाले. मग आईसाठी ब्लफ कोव्ह की जिप्सी कोव्ह?

---

तिखटमीठ

लिहितो म्हणालो होतो, तर हे घ्या.

जिप्सी कोव्ह स्टॅनलीपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. जहाज आलेल्या दिवशी जेटीवरून बस सुटते. तिथे मॅगेलनिक पेंग्विन, जमिनीत बिळं करून राहणारे. पायवाट आखलेली आहे आणि ती सोडायची नाही, कारण बिळावर पाय पडला तर छत आत कोसळतं. स्वस्त आणि सोपं, पण पक्षी बरेचदा बिळाच्या तोंडाशी बसलेला एखाददुसरा. शेजारच्या यॉर्क बेच्या वाळूवर जेंटू जातीचे पेंग्विन दिसतात. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले सुरुंग तिथे होते, म्हणून तो किनारा कित्येक वर्षं कुंपणाआड राहिला. २०२० मध्ये फॉकलंडमधले सुरुंग काढून झाले आणि लोक वाळूवर उतरू लागले. इतकी वर्षं पेंग्विन मात्र आरामात त्यावरून फिरत होते, त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नव्हते.

ब्लफ कोव्हला गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास रस्ता आणि मग माळावरून जीपचा छोटा टप्पा. दणके तिथेही आहेत, पण मिनिटांचे, तासांचे नाहीत. जेंटूंची भरगच्च वसाहत आणि थोडे किंगसुद्धा. जानेवारीत जेंटूंची पिल्लं चांगली वाढलेली असतात आणि खाणं मागत आईबापाच्या मागे माळभर धावतात. समुद्राकाठी छोटं कॅफे आहे, चहा-केक मिळतो. आईंना अंडं चालत नसेल तर केकचं आधी विचारून घ्या.

माझं मत: दोन गट करा. तुम्ही आणि बाबा व्हॉलंटिअर पॉइंट, आई आणि सूनबाई ब्लफ कोव्ह. "चौघांनी एकत्रच जायचं" हा हट्ट सोडलात तर प्रश्न सुटतो. एकच मोठी सहल हा नियमही मोडत नाही, माणशी एकच पडते.

---

खडीसाखर

मगाशी गंमत केली, राग नसावा. काम की बात सांगतो: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही परस्पर ठरवलेल्या जीपला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि स्टॅनलीहून पुढच्या बंदराला जायला एसटी नाही.

---

रानवाटा

खडीसाखरशी सहमत, पण थोडं पुढे. हिशोब मांडा. जाऊन-येऊन पाच तास, तिथे निदान दोन तास, म्हणजे सात. जेटीवर पोचायची बोट आणि परतीची शेवटची बोट यात नऊ तास असतील तर स्थानिक जीप ठरवायला हरकत नाही, त्याहून कमी असतील तर जहाजाचीच सहल घ्या. तिथल्या ड्रायव्हरांना जहाजांची वेळापत्रकं पाठ असतात. ठरवताना एवढं लेखी घ्या की जहाज आलंच नाही किंवा बोटी सोडल्या नाहीत तर पैसे परत.

आणि स्टॅनली हुकलंच तर हातात काहीतरी असावं, म्हणून पोर्तो माद्रिनहून पुंता तोंबो डोळ्यासमोर ठेवा. सुमारे १८० किलोमीटर, पण मोठी बस आणि बराचसा चांगला रस्ता. मॅगेलनिकांच्या जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी ती एक. पायवाटेवर पेंग्विन आडवा आला तर माणसाने थांबायचं, असा तिथला नियम. अडचण अशी की माद्रिन स्टॅनलीच्या आधी येतं, त्यामुळे "तिकडे हुकलं तर इकडे" जमत नाही. त्यासाठी उशुआयाच धरा. बीगल खाडीतल्या मार्तिजो बेटाजवळ बोट जाते, मॅगेलनिक आणि जेंटू डेकवरूनच दिसतात. बेटावर उतरायची परवानगी एकाच सहल कंपनीला आहे आणि जागा मोजक्या, पण आईंना डेकवरची खुर्ची जास्त मानवेल.

सामानाचं: तिकडे तेव्हा उन्हाळा, तरी स्टॅनलीचं दुपारचं तापमान पंधरा अंशांच्या आसपासच. निफाडच्या थंडीत वाढलोय वगैरे सांगू नका, निफाडला असा वारा नसतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट हवं. पेंग्विनांपासून सहा मीटर लांब राहायचं. तो स्वतः जवळ आला तर गोष्ट वेगळी. २०२३ च्या अखेरीस बर्ड फ्लू फॉकलंडपर्यंत पोचला होता, म्हणून निघण्यापूर्वी एकदा जागा उघड्या आहेत ना ते विचारा आणि बुटांचे तळवे घासून स्वच्छ ठेवा. चिलीत उतरताना नाशिकचे मनुके पिशवीत असतील तर फॉर्मवर लिहा, त्यांचं कृषी खातं फार कडक आहे.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. घरात बैठक झाली. आई आणि बायको ब्लफ कोव्ह, जहाजाचीच सहल. मी आणि बाबा व्हॉलंटिअर पॉइंट, स्थानिक जीप. आमच्या जहाजाच्या वेळा बघितल्या, साडेनऊ तास मिळतात. उशुआयाची बोट तूर्त ठरवत नाही, स्टॅनली झालं नाही तर जहाजावरूनच घेऊ, जागा मिळेल ती.

जहाजाच्या सहलीत किंग नक्की दिसतील का, असं आईने विचारलंय. बाबांपेक्षा आधी आपल्याला दिसावेत एवढंच तिचं म्हणणं आहे.

जीप चार प्रवाशांची असते आणि भाडं गाडीचं, म्हणून दोन जागा मोकळ्या आहेत. जानेवारीत त्याच मार्गाने कुणी मराठी मंडळी जाणार असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अट एकच, परतीच्या वाटेवर बाबांच्या पक्ष्यांच्या गप्पा ऐकाव्या लागतील.