पाचारण कोणाला करतात: अग्निशमन दलाला की सिस्टरला?

आगाशीची:
माझी मावशी सिस्टर आहे, म्हणजे ख्रिस्ती मठातली व्रतस्थ. येत्या फेब्रुवारीत तिच्या पहिल्या व्रतांना ५० वर्षं होतात, म्हणून घरच्यांनी छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलं. मावशीने स्वतःच्या हाताने चार पानं लिहून दिली, मथळा ‘माझे पाचारण’, म्हणजे देवाने तिला या वाटेला बोलावलं ती गोष्ट. मुद्रितशोधनाला ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे दिली. परत आली तेव्हा प्रत्येक ‘पाचारण’वर लाल काट आणि समासात शेरा: ‘पाचारण पोलिसांना किंवा बंबाला करतात. येथे जीवनध्येय हवे.’

फोनवर वाचून दाखवलं तर मावशी म्हणाली, “ध्येय मी ठरवते गं. पाचारण मला होतं. माझ्यावर असतं तर मी बी.एस्सी. केलं असतं.”

शिवाय सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेत ‘उपकारस्तुतीची मिस्सा’ (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) होतं, त्याचं त्यांनी ‘आभारप्रदर्शनाची मिस्सा’ केलंय. मला तर गॅदरिंगच्या शेवटी लोक खुर्च्या उचलायला लागतात तेव्हाचं भाषण आठवलं. पत्रिका छापायला द्यायची आहे. काय ठेवू?

पेठकर:
शोधकांचा कान चुकीचा नाही, पण पेपर वाचून घडलेला आहे. ‘परिस्थिती हाताबाहेर गेल्याने राज्य राखीव दलाला पाचारण करण्यात आले’ हे वाक्य इतक्यांदा छापलंय की शब्दाला धुराचा वास लागला. जुन्या मराठीत पाचारणे म्हणजे सरळ हाक मारणे, बोलावून घेणे. ‘पाचारण’ ठेवा.

रानभेंडी:
पेठकर, जुन्या मराठीत असेल हो. वाचणारे आजचे आहेत ना? पत्रिका वसईबाहेरच्या पाहुण्यांनाही जाणार असेल. ‘दैवी हाक’ लिहा की सोपं.

लिली_वसई:
वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये विचारा, शाळकरी पोरालाही पाचारण माहीत असतं. ईस्टरनंतर ‘पाचारण रविवार’ येतो, उत्तम मेंढपाळाचं शुभवर्तमान वाचतात त्या दिवशी. १९६४पासून जगभर पाळतात तो. आमच्याकडे त्या दिवशी फादर हमखास बायबलमधल्या लहान शमुवेलाची गोष्ट सांगतात. रात्री हाक ऐकू येते, तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे पळतो, एली म्हणतो मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा. ‘दैवी हाक’ लिहिलंत तर कळेल, पण ते शिकवणीतलं वाटतं. घरात कोणी म्हणत नाही.

आणि मराठी बायबलमध्येही पाचारणच आहे. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडून पाहा.

अपभ्रंश:
व्युत्पत्तीत कोणाला रस आहे का? नसला तरी सांगतो. प्राकृतात ‘पच्चार’ असा धातू आहे. जैन पंडित हेमचंद्राच्या व्याकरणात तो ‘उपालंभ’ या अर्थी दिलाय, म्हणजे दूषण देणे, टोचून बोलणे. मला वाटतं रणात शत्रूला नाव घेऊन ललकारायचे, त्यातून पुढे नुसतं बोलावणं उरलं असावं. हा शेवटचा भाग माझा तर्क, ठोकायला मोकळे आहात.

रानभेंडी:
म्हणजे देवाने मावशींना टोमणा मारला?

लिली_वसई:
बायबलमधल्या योनाला विचारा. देवाने निनवेला जा म्हटलं तर हा उलट्या दिशेच्या तारवात चढला. पुष्कळ सिस्टरांची सुरुवात याच धर्तीवर झालेली असते :)

चिंतातुर_जंतू:
अपभ्रंश, ललकारणे ते बोलावणे हा प्रवास पटला नाही. उलटाही असू शकतो, बोलावणे आधी, टोचणे नंतर. ‘हजेरी घेणे’ बघा. हजेरी आधी, शिव्या मागाहून.

अपभ्रंश:
ह्म्म. उदाहरण चांगलं आहे, सोयीचंही आहे.

सरकारी_बाबू:
माझा प्रश्न वेगळा. इंग्रजी व्होकेशन म्हणजे लॅटिनमधलं बोलावणंच. मग आमच्या खात्यात ‘व्होकेशनल’चं भाषांतर व्यावसायिक कसं झालं? देवाने वेल्डिंगला पाचारण केलं असं का नाही?

पेठकर:
ते युरोपात झालं. धर्मसुधारक ल्यूथरने म्हटलं, देवाचं बोलावणं फक्त मठातल्यांना नसतं, चांभारालाही त्याच्या कामात असतं. पुढे बोलावणं गळून गेलं, काम राहिलं. आपल्याकडे शब्द आयता आला तो गळून झाल्यावर.

सोपाराकर:
आमच्या संत गोन्सालो गार्सियाला दोन्ही लागू. जन्म वसईचा, लहानपणी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, त्यांच्याकडे धर्मशिक्षकाचं काम केलं, त्यांच्यातच सामील व्हायचं होतं, पण घेतलं नाही. मग व्यापारात पडला, चांगला जम बसला. तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तेही ब्रदर. धर्मगुरू नव्हे, हे वसईतले निम्मे लोक विसरतात. जपानी यायची म्हणून दुभाषा होऊन परत जपानला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर. आता सांगा, व्यवसाय कोणता आणि पाचारण कोणतं?

मुद्दा असा की ‘जीवनध्येय’ म्हटलं की माणूस आधी ठरवतो आणि मग गाठतो. इथे दार एकाने लावलं, उघडलं दुसऱ्याने. मावशींचं बरोबर आहे.

मडगांवकार:
आमच्या कोंकणींत ‘आपोवणें’. आपोवप म्हणजे बोलावणें, जेवणाकय आपोवचें आनी देवानूय आपोवचें. एकच उतर. मराठीक पोलीस आनी देव हांचे मदीं झगडें कित्याक लागता?

रानभेंडी:
मडगांवकार, हे आवडलं! मराठीत मग ‘बोलावणं’ चालेल का? ‘मला देवाचं बोलावणं आलं’?

लिली_वसई:
देवा! ५० वर्षांच्या सोहळ्याला ७० पार केलेल्या सिस्टरच्या तोंडी ‘देवाचं बोलावणं आलं’? लोक हार घेऊन येतील, पण दुसऱ्या प्रकारचे.

आगाशीची:
हाहा, हे मावशीला सांगितलं तर ती हेच ठेव म्हणेल. आभाराचं काय पण?

पेठकर:
‘उपकारस्तुती’ मला जड वाटतो. उपकार फेडावे लागतात, त्यांचं ओझं होतं. ‘कृतज्ञता’ सुटसुटीत.

चिंतातुर_जंतू:
आणि आभारात भार नाही? आ-भार.

पेठकर:
तुम्ही प्रत्येक शब्द कापून बघता, जंतू.

लिली_वसई:
उपकारस्तुती बायबलातून आलाय. शेवटच्या भोजनाला येशू भाकर घेतो, उपकारस्तुती करतो, मोडतो. मूळ ग्रीक शब्दावरूनच या विधीला युखरिस्त म्हणतात, म्हणजे आभार मानणं. तेव्हा काटेकोर पाहिलं तर ‘उपकारस्तुतीची मिस्सा’ हा पिवळा पीतांबर आहे. प्रत्येक मिस्सा उपकारस्तुतीचीच. तरीही लिहितात, कारण घरच्यांना सांगायचं असतं की ही मयताची किंवा मृत्यूनंतरच्या महिन्याची नाही, आनंदाची आहे.

शुद्धमती:
मुळात ‘मिस्सा’ तरी कशाला? लॅटिन शब्द. ‘ख्रिस्तयाग’ असा सुंदर शब्द आहे की.

सोपाराकर:
ख्रिस्तयाग पत्रिकेत असतो, मिस्सेला माणसं जातात. माझी आजी पहाटे अंधारात डोक्यावर ओढणी घेऊन निघायची ती ‘मिस्सेला’. तिला याग म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, कोणाच्या घरी? तोही शब्द ठेवा, माझी ना नाही, पण मिस्सा उपरी म्हणू नका. चारशेहून जास्त वर्षं राहतेय इथे. चावी आणि पगार तुम्ही पोर्तुगालला परत पाठवलेत का?

शुद्धमती:
फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण, हे मराठी ओवीबद्ध काव्य, छापलं ते देशी शब्दांच्या जोरावर. चारशे वर्षांपूर्वी जे जमलं ते...

चिंतातुर_जंतू:
आला स्टीफन्स! मी वाटच बघत होतो. ख्रिस्ती शब्दाच्या धाग्यात तो विसाव्या प्रतिसादाच्या आत येतोच.

मडगांवकार:
आमी उपकारस्तुतीय म्हणना आनी आभारूय म्हणना. ‘देव बरें करूं’ म्हणटात. तुजें हांव फेडूंक शकना, देव फेडटलो. उदारी देवाच्या खात्यार.

पेठकर:
हे मात्र फार चांगलं. आपल्याकडे ‘देव तुझं भलं करो’ भिकाऱ्याच्या तोंडी राहिलं.

रानभेंडी:
मग सरळ ‘धन्यवाद’ का नाही?

शुद्धमती:
तो हिंदीतून आलाय.

लिली_वसई:
आभार मानायला हिंदीतून आला असेल. आमच्याकडे ‘धन्यवादित’ जुना आहे. पोप एखाद्याला संत करतात, त्याच्या आधीची पायरी. २००३ ते २०१६ आम्ही ‘धन्यवादित मदर तेरेसा’ म्हणायचो, नंतर संत मदर तेरेसा.

सरकारी_बाबू:
धन्यवादित म्हणजे ज्याला धन्यवाद दिले तो. चर्चने मदर तेरेसांचे आभार मानले?

लिली_वसई:
उलटं आहे. धन्यवाद म्हणजे ‘धन्य’ असं वदणं. बायबलमध्ये देवालाच ‘धन्यवादित असो’ म्हटलंय. त्यातल्या जखऱ्याच्या गीताची सुरुवात बघा. ज्याला धन्य म्हटलं तो धन्यवादित. आभाराचा अर्थ नंतर चिकटला. म्हणून मला तो शब्द आवडतो. पावित्र्य आणि कृतज्ञता त्यात एकाच अंथरुणावर निजलेली आहेत. ‘पवित्र’ म्हटलं की सोवळं आठवतं, दूर उभं राहावंसं वाटतं. ‘धन्य’ म्हटलं की बघणाऱ्याच्या तोंडून काहीतरी निघतं.

पेठकर:
धन्य आहेस रे बाबा! हेही धन्यच. कपाळावर हात मारून.

सोपाराकर:
गोन्सालो १६२७ला धन्यवादित झाला आणि १८६२ला संत. २३५ वर्षं एका पायरीवर. मराठी शब्दांचंही असंच, कोश दार उघडत नाही तोवर बाहेर उभे.

अपभ्रंश:
अवांतर: आपण सिस्टर आणि फादर एकाच मापाने मोजतोय. धर्मप्रांताचे धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. स्वतःच्या नावावर स्कूटर असू शकते. सिस्टर, ब्रदर आणि जेझुइटांसारख्या संघातले फादर तिन्ही व्रतं घेतात. ५० वर्षं व्रतांची मोजलीत, हे बरोबर केलंत.

आगाशीची:
हो, मावशीची बॅग बघितलीय मी. दोन साड्या, चष्मा, प्रार्थनेचं पुस्तक आणि पोरांना वाटायच्या गोळ्यांची पिशवी. भाच्यांनी मोबाईल घेऊन दिला तो आधी मदर सुपीरियरला दाखवला, मग वापरायला घेतला.

मंडळी, छापखान्याचा दोनदा फोन आला. पाचारण, हाक, आपोवणें, की काय?

पेठकर:
पाचारण.

रानभेंडी:
हाक.

शुद्धमती:
मिस्सा काढा आधी.

सरकारी_बाबू:
एक शंका. हयात माणसाची ‘स्मरणिका’ काढतात का?

चिंतातुर_जंतू:
काढतात. संमेलनाची काढतात, संमेलन हयात असतं. स्मृतिग्रंथ वेगळा. पण ‘स्मरणी’ म्हणजे जपमाळ, तिच्याशी याचं नातं काय हे कोणी तपासलंय का?

अपभ्रंश:
नवा धागा काढा. तिथे येतो.