क्लच कव्हरला गॅस्केट मेकर कोणता आणि किती लावायचा?

कोथरूडकर: जुनी बुलेट आहे, क्लच कव्हरच्या खालून ऑइल पाझरतंय, पार्किंगच्या फरशीवर रोज रुपयाएवढा डाग. मेकॅनिक म्हणतो कागदी गॅस्केटला (कव्हरच्या जोडात गळती रोखणारा पातळ थर) दोन्हीकडून सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधला गॅस्केट मेकर, थापू, करू देऊ का?

नानापेठी: थापू नको रे बाबा! जादा सिलिकॉन आत दबून निघतं, त्याचे शेवयांसारखे तुकडे तुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि मग इंजिनाला ऑइलच कमी पडतं, माझ्या बाइकची जाळी उघडली तेव्हा स्वतः चिमट्याने काढलेत. कागदी गॅस्केट धड असेल तर कोरडंच बसव, नाहीतर नवं घे, नाना पेठेत सहज मिळेल.

ग्रीसहात: +१. सिलिकॉन जिथे गॅस्केटच नाही तिथे, म्हणजे क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) जोडाला वगैरे. जुना थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढ, स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमला चरे पडतात आणि तिथूनच परत गळतं. हेड गॅस्केटला (सिलिंडर आणि त्याच्या वरच्या हेडमधलं) तर चुकूनही लावू नको.

कोथरूडकर: आणि लावलंच तर गाडी लगेच चालू करायची?

ग्रीसहात: छे, ट्यूबवरचा वेळ वाच, साधारण २४ तास. पावसाळी दमट हवेत उलट लवकर सुकतं, हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं ते.