ड्रायरचा बझर: वायर कापू नका, नुसती सोडवा

कपडे वाळवायच्या ड्रायरचा काम संपल्यावर वाजणारा बझर बंद करायचा तर त्याची वायर कापून टाका, असा सल्ला काहीजण देतात. कृपया कापू नका. अमेरिकेतल्या फिरत्या टायमरच्या जुन्या ड्रायरमध्ये बझर म्हणजे बहुधा १२० व्होल्टची छोटी कॉइल आणि तिच्यापुढे थरथरणारी लोखंडी पट्टी. वायरी दाबून बसवलेल्या कनेक्टरवर असतात, सहज निघतात.

आधी भिंतीतला प्लग काढा. मशीन बंद दिसलं तरी विजेवर तापणाऱ्या ड्रायरच्या आत २४० व्होल्ट येत असतात. पॅनल उघडून बझरचा एक कनेक्टर पकडीने काढा. वायर ओढू नका, धातूचा भाग धरा. उघडं टोक हीट-श्रिंक नळीने (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीने) झाका. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद उष्णतेने सुटतो.

एकाच कनेक्टरमध्ये दोन वायरी आल्या असतील तर मात्र सांभाळा. तिथून पुढच्या भागाला वीज जात असू शकते. ती जोडी तुटली तर ड्रायर कदाचित सुरूच होणार नाही. अशा वेळी बझरचं दुसरं टोक सोडवा.

इलेक्ट्रॉनिक पॅनल असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी सिग्नलचं बटण काही सेकंद दाबून धरा, बऱ्याच मॉडेलमध्ये तेवढ्याने आवाज बंद होतो. तरीही थोड्या थोड्या वेळाने बीप येत राहिला, तर सुरकुत्या टाळणारा पर्याय चालू आहे का ते बघा.