शहरातले द्राक्षमळे शोभेपुरते नाहीत, व्हिएन्ना बघा

जमिनीला सोन्याचा भाव असताना शहरातला द्राक्षमळा फक्त शोभेपुरता उरतो, असं बरेचदा म्हटलं जातं. ते पॅरिसच्या मोंमार्त्रमधल्या १९३३ साली लावलेल्या चिमुकल्या मळ्यापुरता मान्य. पण ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, शहराच्या हद्दीत सुमारे सहाशे हेक्टर मळे आहेत आणि त्यांवर कुटुंबं पोसली जातात. नुसतं जमिनीवर मळ्यांसाठी आरक्षण टाकून हे झालं नसतं. खरं बळ थेट विक्रीचं. १७८४ मध्ये सम्राट योझेफ दुसरा याने मळेवाल्यांना स्वतःची वाइन घरीच विकायची मुभा दिली. आजही दारावर पाइनची हिरवी फांदी टांगलेली दिसली की समजायचं, आज वाइन मिळणार. आत अंगणात लाकडी बाकं, थंड जेवण आणि बऱ्याचदा मागच्या उतारावरच्याच द्राक्षांची वाइन. मधे दलाल नाही, पैसा सरळ मळेवाल्याच्या हातात.

शिवाय त्यांनी 'गेमिश्टर झात्स' जपलं: एकाच मळ्यात तीन किंवा जास्त जाती एकत्र लावायच्या, एकत्रच तोडायच्या, एकत्रच गाळायच्या. २०१३ पासून व्हिएन्नाच्या या वाइनला कायद्याने स्वतंत्र दर्जा आहे. मला तर हे फारच मोलाचं वाटतं.