मदत हवी आहे: पणजीतली पोकर टूर्नामेंट, ब्रेकनंतर स्टॅक आटतो

किलवर_सत्ती
मांडवीतल्या कॅसिनोवर पुढच्या महिन्यात नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार, कधीही सगळ्या चिप्स लावता येतात) आहे. टेबलावर 9 जण, 25,000 चिप्सचा स्टॅक, ब्लाइंड (डावाआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम, छोटी आणि मोठी म्हणजे बिग) 100/200 पासून, 20 मिनिटांची लेव्हल, दर लेव्हलला ब्लाइंड वाढतात. रीएन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून येणं) आठव्या लेव्हलच्या शेवटापर्यंत. नववी लेव्हल 1,000/2,000, त्यावर बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्या टेबलासाठी भरायची अँटी 2,000. मला तीन पत्तीची सवय आहे, पोकरचे नियम येतात. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलं की ब्रेकनंतर हातात काही उरत नाही. काय बदलू?

इस्पिक_राणी
आधी हिशेब मांडा. डीलर तासाला साधारण 25-30 डाव वाटतो, म्हणजे 9 जणांची एक फेरी होईपर्यंत लेव्हल संपते. नवव्या लेव्हलला फेरीचा खर्च 1,000 + 2,000 + 2,000 = 5,000. सुरुवातीचे 25,000 शाबूत असले तरी ते साडेबारा बिग ब्लाइंड आणि कागदावर पाच फेऱ्या. ब्लाइंड चढत असल्याने प्रत्यक्षात तीन-चारच. दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा, यांतलं काहीतरी सरासरी 47 डावांत एकदा येतं. तुमच्याकडे डाव आहेत तीसेक!

तेव्हा 12-13 ब्लाइंडच्या खाली आलात की ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा पॅक. नुसता कॉल (समोरच्याइतकेच लावणं) करून फ्लॉप (मधले पहिले तीन उघडे पत्ते) बघणं बंद. तुमच्याआधी सगळे पॅक झाले आणि तुम्ही बटणावर (डीलरची जागा, मागे फक्त ब्लाइंडवाले दोघे उरतात) असाल, तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजासोबत नव्वी किंवा वरचा पत्ता असेल तरी ढकला, म्हणजे ऑल-इन. मागचे दोघे पॅक झाले तर 5,000 आयते मिळतात, 25,000 च्या स्टॅकवर 20 टक्के वाढ. पहिल्या जागांवरून (जिथे आधी बोलावं लागतं) मात्र सत्तीच्या जोडीपासून वर आणि एक्का-गुलामापासून वर, बस.

तीन पत्तीची जी सवय नडते ती म्हणजे चाल देत राहणं. ब्लाइंडला लावलेले पैसे पॉटचे झाले, ते वाचवायला जाऊ नका.

चौकट_गुलाम
पहिल्या चार लेव्हल्सबद्दल थोडं. अशा टेबलवर लिंप करणारे (रेज न करता नुसता बिग ब्लाइंडइतका कॉल देणारे) भरपूर. त्यांच्यावर ब्लफ मारू नका, ते पॅक होत नाहीत. चांगला हात असेल तर 3 ब्लाइंडचा रेज (वाढवून लावणं) आणि प्रत्येक लिंपरमागे आणखी 1. फ्लॉपवर मोठी जोडी लागली की पॉटच्या दोन-तृतीयांश लावा, ते पैसे देतात. दुर्री ते छक्कीच्या जोड्या स्वस्तात बघा. फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठ वेळांत एकदा लागतो, नाही लागला की सोडा.

किलवर_सत्ती
धन्यवाद. बक्षीस 12 जणांना, 14 उरलेत. मी बिग ब्लाइंडवर, 15 ब्लाइंड शिल्लक. बटणावरचा सगळ्यांत मोठा स्टॅक ऑल-इन, माझ्याकडे एक्का-दश्शी. कॉल?

इस्पिक_राणी
दुसऱ्या टेबलवर तीन-चार ब्लाइंडवाले दोघे असतील तर पॅक, ते बहुधा तुमच्याआधी बाद होतील. ढकलणारा दोन रीतींनी जिंकतो, समोरचा पॅक झाला तर किंवा पत्ते लागले तर. कॉल करणाऱ्याला पत्तेच लागावे लागतात. शिवाय इथे हरलात तर बक्षीसही गेलं. असे छोटे स्टॅक नसतील तर कॉल करण्याजोगा हात आहे.

चौकट_गुलाम
रीएन्ट्रीबाबत माझं मत थोडं कडक आहे: सहाव्या लेव्हलनंतर करूच नका. त्याच पैशांत पहिल्या लेव्हलला 125 ब्लाइंड मिळतात, शेवटी जेमतेम पंधराएक.

इस्पिक_राणी
इतकं कडक नको. कोणत्या जागेवरून कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन आणि कशावर पॅक, हा तक्ता पाठ असेल तर तेवढ्या स्टॅकवरही खेळता येतं. पण एकूण किती रक्कम घालवायची ती घरूनच ठरवून या.

चौकट_गुलाम
मान्य. टेबलावरच्या दोन चुका मात्र टाळा. न बोलता 5,000 ची एकच चिप टाकली तर तो कॉल धरतात, म्हणून आधी तोंडाने "रेज" म्हणा आणि चिप्स एकाच वेळी पुढे सरकवा. आणि पत्त्यांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर चुकून ते मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) ओढतो आणि ते परत मिळत नाहीत. वय 21 पूर्ण हवं, फोटोचं ओळखपत्र विसरू नका.