वेलींचे मांडव घालताय? आधी चालायला जागा द्या!

खडूस_पादचारी: "पदपथांवर वेलींचे मांडव घाला, लोक आपोआप चालू लागतील" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझ्या रोजच्या वाटेवर घातलाय असा मांडव. खांब नेमके मधोमध. पहिल्याच उन्हाळ्यात वेल वाळली, मग वर पत्रे ठोकले. भर दुपारी खालून जाऊन बघा, टाळूवर तापला तवा धरल्यासारखं होतं.

मधुमालती: ती पोस्ट माझीच. पत्रा तापला यात वेलीचा काय दोष? पान बाष्प सोडतं म्हणून पत्र्यासारखं तापत नाही. सावलीत तापमापी थोडीच उतरते, पण अंगावरची झळ थांबते, आणि चालणाऱ्याला तेच हवं असतं. इटलीतल्या बोलोन्यात १२८८ सालीच नव्या घरांपुढे छताची वाट सक्तीची केली होती. आज अशा वाटा ६२ किलोमीटर आहेत!

शंकासुर: आणि त्यांवर पान एक नाही. दगडविटांच्या कमानी त्या, देखभाल घरमालकांच्या गळ्यात. तुमच्या वेलीला वैशाखात पाणी कोण घालणार?

दोन_काठ्या: पाण्याचं नंतर बघा. सावली दिसली की तिथे दुचाक्या लागतात, त्याचं काय? मागच्या उन्हाळ्यात आईला दवाखान्यात नेत होतो. मांडवाखाली गाड्यांची रांग. एकीच्या आरशात तिचा पदर अडकला, काठी सुटली. शेवटी उन्हातून, गाड्या चुकवत, रस्त्यावरून नेलं.

बुलबुल_३५०: मग गाडी काय डोक्यावर घेऊन फिरू? सीटवर बसून बघा एकदा उन्हात.

दोन_काठ्या: तुमच्या बुडाला चटका नको म्हणून माझ्या आईने ट्रकखाली जायचं?

बुलबुल_३५०: भाषा सांभाळा. पार्किंगला जागा द्या, मग शिकवा.

शंकासुर: जागा दिली तरी तुम्ही दारातच लावणार. सवय आहे.

खडूस_पादचारी: अहो, धागा मांडवाचा आहे!

मधुमालती: पाण्याचं उत्तर माझ्याकडे नाही, मान्य. पाणी नसेल तिथे वेल नको, सावलीची झाडं लावा. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतू नका म्हणजे झालं.

खडूस_पादचारी: झाडं चालतील. खांब तरी नाहीत.

बुलबुल_३५०: आईंना नमस्कार सांगा. उद्यापासून उन्हात लावतो. सीटवर घालायला ओलं फडकं तेवढं पाठवा.