शब्दचर्चा : फ्रेंच पोर्सेलिनला ‘चिनी माती’ म्हणावे का?

प्रश्न : घरसजावटीवरील एका लेखाचा मजकूर तपासताना ‘चिनी मातीची प्राचीन फ्रेंच फुलदाणी’ असा शब्दप्रयोग आढळला. फुलदाणी अठराव्या शतकातील, पॅरिसजवळच्या सेव्र येथील पोर्सेलिन कारखान्यातली आहे. हा शब्दप्रयोग ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘चिनी माती’ आपण तीन अर्थांनी वापरतो : केओलिन ही खाणीतून निघणारी पांढरी माती, लोणच्याची जाड बरणी जिची असते ते भाजकाम, आणि उजेडासमोर धरल्यास प्रकाश झिरपू देणारे पोर्सेलिन. घरगुती बोलण्यात संदर्भावरून अर्थ कळतो, पण येथे तो शब्द वस्तुस्थितीच्या विरोधात जातो. व्हॅन्सेन येथे १७४० साली सुरू झालेला, १७५६ मध्ये सेव्रला हलवलेला आणि १७५९ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने विकत घेतलेला जो कारखाना, त्याच्या सुरुवातीच्या मालात केओलिन नव्हतेच. वाळू आणि क्षार एकत्र वितळवून, त्यांची पूड चुनखडीयुक्त मातीत मिसळून तो लगदा तयार करीत. फ्रान्समधील लिमोज शहराजवळ केओलिन सापडले ते १७६८ च्या सुमारास. त्यानंतरच सेव्रला चिनी पद्धतीचे, केओलिनयुक्त पोर्सेलिन घडू लागले. म्हणून ‘चिनी माती’ हा शब्द केओलिनपुरता राखून वस्तूला ‘पोर्सेलिन’ म्हणावे.

पुरवणी प्रश्न : केओलिनविना घडवलेल्या पहिल्या प्रकाराला ‘मृदू पोर्सेलिन’ म्हटले, तर ते हाताला मऊ लागते असा गैरसमज होणार नाही का?

उत्तर : शब्द फ्रेंच ‘पात तांद्र’ (मऊ लगदा) यावरून घेतला असल्याने तो टाळणे कठीण आहे; मात्र पहिल्या उल्लेखातच खुलासा करावा. हे पोर्सेलिन ‘कठीण’, म्हणजे केओलिनयुक्त प्रकारापेक्षा कमी उष्णतेवर भाजले जाते, आणि त्यावरील शिशाची झिलई पोलादी टोकाने ओरखडते. सौंदर्याचे रहस्यही याच झिलईत आहे. रंग पक्का करण्याच्या भाजणीत ती किंचित मऊ होते आणि रंग तिच्यात उतरतात, त्यामुळे सेव्रचा आकाशी निळा किंवा गुलाबी रंग आतून आल्यासारखा भासतो. कठीण पोर्सेलिनवर मात्र मिन्याचा रंग पृष्ठभागावर बसतो आणि बोट फिरवले तर कित्येकदा त्याची कड जाणवते. हा फरक एकदा डोळ्यांत भरला की दोन्ही प्रकारांना एकच नाव देणे खटकू लागते.

झिलई न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींसाठी ‘बिस्किट’ हाच रूढ शब्द चालेल.

‘प्राचीन’ मात्र काढावे. मराठीत तो शब्द सातवाहनकाळाकडे नेतो. अडीचशे वर्षांच्या वस्तूला ‘अठराव्या शतकातील’ म्हणणे अधिक नेमके. ‘सेव्रचे’ लिहितानाही जपावे. एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’ हे तेथील चिन्ह, आणि १७५३ पासून त्यात सालदर्शक अक्षर घालण्याची पद्धत होती : त्या वर्षी ‘ए’, पुढच्या वर्षी ‘बी’, याप्रमाणे. परंतु ते चिन्ह पुढे असंख्य वेळा नकलले गेले. शिवाय १८०० मध्ये कारखान्याचे संचालक झालेल्या आलेक्सांद्र ब्रोन्यार यांनी जुना, न रंगवलेला माल विकून टाकला आणि बाहेरच्या कारागिरांनी तो रंगवला. अशी वस्तू घडणीने सेव्रची आणि चित्रणाने परकी असते, तेव्हा ‘सेव्र येथे घडवलेले, नंतर अन्यत्र रंगवलेले’ असे पूर्ण लिहावे. केवळ शैली तशी असेल, तर ‘सेव्र शैलीचे’ म्हणावे आणि तेथेच थांबावे.